गाडीतला बंब

परवा गिझर दुरुस्त करायला एकजण येऊन गेला. थंडी पडली की आमच्याकडे हे ठरलेलंच. उन्हाळा-पावसाळाभर त्या पांढऱ्या डब्याकडे कुणी मान वर करून बघत नाही, आणि दिवाळी मागं पडून खरा गारठा सुरू झाला की त्यातून कोमट, रडकं पाणी यायला लागतं. त्यानं डब्याचं बूड उघडलं, आतली कांडी बाहेर काढून मला दाखवली. तिच्यावर क्षारांची जाड, पांढरट साल चढली होती. पान्ह्याच्या दांड्यानं त्यानं हलके ठोके दिले तशी ती साल वाळल्या पापडासारखी मोडून फरशीवर पडली आणि वास सुटला. ओल्या चुन्याचा, थोडा राखेचा, तापून गार झालेल्या धातूचा.

तो वास नाकात गेला आणि मी बाथरूमच्या दारात उभ्या उभ्या एका जुन्या बसच्या मागच्या टोकाला जाऊन पोचले. हातात चिंचेचा कोळ, पदर खोचलेला, कोपरापर्यंत हात बंबाच्या पोटात, आणि बाहेरून मामंजींचा आवाज, "सूनबाई, झालं का न्हाय तुझ्या बंबाचं? गाडी हलवायची हाय!"

लग्न होऊन मी कोल्हापुरात, राजारामपुरीत आले, त्यानंतरची ती पहिली थंडी. सत्तरीच्या दशकाचा मध्य असेल. मी शिरोळची. आमच्याकडे कृष्णाकाठानं सगळा ऊस. उसाच्या पाचटावर आंघोळीचं पाणी तापवण्यात लहानपणापासून हात तयार झालेला. आमचे हे वारणेकडच्या एका साखर कारखान्यात नोकरीला होते. दिवाळीनंतर गळिताचा हंगाम सुरू झाला तसे ते तिकडच्या कॉलनीत अडकले. एखाद्या रविवारी कपड्यांना मळीचा वास घेऊन यायचे, जेवायचे, झोपायचे आणि परत जायचे. घरात उरलो आम्ही तिघं. सासरे, सासूबाई आणि मी. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना मामंजी आणि आत्याबाई म्हणायची.

मामंजींचं ट्रकच्या आणि बसच्या बॉड्या बांधायचं वर्कशॉप होतं. दिवसभर हातोड्यांच्या आणि रंध्याच्या आवाजात राहून त्यांचा स्वतःचा आवाजही तसाच झाला होता. मीठ मागायचं तरी शेजारच्या घरात ऐकू जायचं. अंगाला कायम लाकडाच्या भुश्शाचा आणि ताज्या रंगाचा वास. आत्याबाई त्यांच्या उलट. बारीक, गोऱ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांना संधिवात होता. सकाळी उठल्या की हाताची बोटं मिटत नसत, गुडघे वाकत नसत. वेणी मी घालायची, चहाचा कप मी त्यांच्या ओंजळीत ठेवायची. मग आंघोळ. बंबातलं कडकडीत पाणी विसणून गुडघ्यांवर, मनगटांवर, मानेवर तांब्यानं सावकाश ओतत राहायचं. न्हाणीतून त्या बाहेर यायच्या तेव्हा स्वतःच्या निऱ्या स्वतः खोचलेल्या असायच्या. कुंकू स्वतःच्या बोटानं रेखायच्या, अगदी गोल. आंघोळीआधीच्या आत्याबाई आणि आंघोळीनंतरच्या आत्याबाई या दोन वेगळ्या बायका होत्या, आणि त्यांच्या मधे तो तांब्याचा बंब उभा होता.

हल्लीच्या मुलींना बंब सांगावा लागतो. कमरेएवढं उंच, गोल, तांब्याचं भांडं. त्याच्या मधोमध वरून खालपर्यंत आरपार गेलेली नळी. त्या नळीत विस्तव आणि नळीच्या भोवती पाणी. खाली जाळी, जाळीखाली राख पडायला ताटली, आणि पोटाला एक पितळी तोटी. वरून गार पाणी ओतायचं की तोटीतून गरम पाणी यायचं. आमचा बंब आत्याबाईंच्या सासूबाईंच्या वेळचा होता. एका बाजूला पोचा आलेला.

या बंबापायी, म्हणजे खरं तर त्या पाण्यापायी, आत्याबाई कुठंही मुक्कामाला जात नसत. भाच्याचं लग्न असो, बहिणीच्या नातवाचं बारसं असो, सकाळची आंघोळ घरी उरकून जायचं आणि दिवे लागायला घरी परत. कुणी फार आग्रह केला तर एवढंच म्हणायच्या, "मला सकाळी लई पाणी लागतंय. कुणाला कशाला तरास." त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. कोल्हापुरापासून समुद्र तो किती लांब! गाडी सकाळी निघाली तर घाट उतरून दिवस मावळायच्या आत पोचते. पण परत यायला वेळ उरत नाही.

मामंजी एकदा जेवता जेवता म्हणाले, "ही घर सोडून येत न्हाय म्हणती. मग आपण घरच घेऊन जाऊया की."

आम्हाला वाटलं, बोलण्यातलं बोलणं आहे. पण वर्कशॉपच्या मागच्या बाजूला एका शाळेची मोडीत काढलेली बस बरीच वर्षं पडून होती, आणि त्या पावसाळ्यात मामंजी संध्याकाळी घरी उशिरा यायला लागले. रंग अंगावर दिसायचा तो ट्रकचा पिवळा-तांबडा नसायचा, फिकट निळा असायचा. दसऱ्याला पूजेसाठी म्हणून त्यांनी आम्हाला वर्कशॉपवर नेलं आणि ती बस दाखवली. आत दोन बाकडी, त्यांवर गाद्या. खिडक्यांना पडदे, तेही आमच्याच जुन्या लुगड्यांचे. स्टोव्ह ठेवायला कट्टा, भांडी उडू नयेत म्हणून कट्ट्याला पट्ट्या. टपावर पाण्याचं पिंप. आणि सगळ्यात मागं, पत्रा ठोकलेली, पाणी जायला भोक असलेली एक न्हाणी.

त्या न्हाणीत काहीच नव्हतं. फक्त खाली एक गोल लाकडी बैठक होती, वर जुन्या टायरचं रबर ठोकलेली, आणि बरोब्बर तिच्यावर छताला एक भोक.

कार्तिक सरत आला आणि एका दिवशी आंघोळी झाल्यावर दोन माणसं घरी येऊन बंब उचलून न्यायला लागली. आत्याबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "अवो, माझा बंब कुठं चाललाय?"

"तुझ्या आधी गाडीत बसायला," मामंजी म्हणाले.

आत्याबाई रागावल्या. मी त्यांना पहिल्यांदाच इतकं बोलताना ऐकलं. घरात चेष्टा चाललीय, मला विचारलं नाही, गाडीत कधी पाणी तापतं का, लोक हसतील. मामंजींनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी त्या दमून म्हणाल्या, "येते. पण एक सकाळ जरी गरम पाण्याबिगर गेली, तर तिथनं गाडी माघारी."

"कबूल," मामंजी म्हणाले.

"आणि बंब कोण बघणार? तुमी गाडी चालवणार."

मामंजींनी हातातला हातोडा माझ्याकडे रोखला.

तर अशी मी त्या बंबाची मालकीण झाले. घरातला बंब सोपा असतो. तो एका जागी उभा राहतो. गाडीतला बंब प्रवासाला निघालेल्या तान्ह्या पोरासारखा, त्याचं सगळं करावं लागतं. गाडी हलायच्या आधी विस्तव पूर्ण विझलेला पाहिजे, राख बाहेर काढलेली पाहिजे, आणि पाण्याचा थेंब आत राहता कामा नये. नाहीतर खड्ड्यात गाडी आदळली की आतलं पाणी डचमळून सांध्यांवर हिसका बसतो. मग त्याला चामड्याच्या दोन पट्ट्यांनी भिंतीला आवळायचं. छतातून बाहेर गेलेल्या धुराड्याला पत्र्याची टोपी घालायची. मुक्कामाला पोचलं की टोपी काढायची, मागचं दार उघडं टाकायचं, आधी पाणी आणि मगच विस्तव. हे मामंजी मला रोज पाठ म्हणायला लावत. "आधी काय?" "पाणी." "मग?" "विस्तव." "आणि उलटं झालं तर?" "सांधा सुटेल." कोरड्या बंबात जाळ घातला तर सांधे जोडायला डाग दिलेलं शिसं वितळून जातं. आणि जागोजागचं पाणी वेगळं. विहिरीचं जड पाणी असेल तर आत पांढरी पुटं चढतात, पाणी तापायला वेळ लागतो. त्यावर चिंच. चिंचेचा कोळ भरून ठेवायचा, सकाळी हात घालून काथ्यानं घासायचं. बाहेरून चिंच आणि राख. मला ते घासणं फार आवडायचं. काळवंडलेल्या तांब्यातून गुलाबी अंग वर यायचं, त्यात आपलं तोंड दिसायचं, पोच्यापाशी जरा वेडंवाकडं.

निघालो तेव्हा मार्गशीर्ष लागला होता. सकाळी धुकं, दुपारी कोवळं ऊन, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गुऱ्हाळं पेटलेली. पहिला मुक्काम निपाणीच्या अलीकडे, एका गुऱ्हाळाच्या शेजारीच केला. सगळ्या हवेत उकळत्या रसाचा गोड, जाडसर वास. गुऱ्हाळवाल्यानं काकवी दिली आणि जळणाला पाहिजे तेवढी चिपाडं घ्या म्हणाला. सकाळी मी बंब भरला, चिपाडं पेटवली. चिपाडाचा जाळ पाचटासारखाच, भडकन् उठतो आणि लगेच बसतो, सारखं हातानं भरवावं लागतं. पण तो माझ्या ओळखीचा. थोड्या वेळात तोटीला हात लावला तर चटका बसला. आत्याबाई आत गेल्या, दार लावलं, आणि पत्र्यावर पाणी पडल्याचा आवाज यायला लागला. मी आणि मामंजी बाहेर उभे. मामंजी उगाच टायरला लाथ मारून हवा बघत होते.

तेवढ्यात रस्त्यानं जाणारा एक सायकलवाला थांबला. टपावरून निघणारा धूर बघून ओरडला, "ओ पावणं! तुमची गाडी पेटलीया की!"

"पेटली न्हाय!" मामंजी त्याच्या दुप्पट आवाजात ओरडले. "आंघोळ चाललीया!"

आतून पाण्याचा आवाज थांबला. आणि मग आत्याबाईंचं हसू ऐकू आलं. दाबून ठेवलेलं, न जमलेलं. ते हसू मी तोवर ऐकलं नव्हतं. मामंजींनी मात्र ऐकलेलं असावं, फार पूर्वी कधीतरी. ते दुसऱ्या टायरकडे गेले.

आंबोलीचा गारठा वेगळाच. तिथं थंडी ओली असते, लुगड्याच्या घडीत शिरून बसते. आत्याबाई सकाळी उठूच शकल्या नाहीत. मी त्यांना धरून न्हाणीत नेलं, आणि त्या दिवशी पाणीही मीच घातलं. चिपाडं संपली होती. मामंजींनी वर्कशॉपमधून सागवानाच्या ढलप्यांचं पोतं भरून आणलं होतं, त्यांचा जाळ शांत आणि टिकाऊ. वाफेनं न्हाणी भरून गेली. गाडीच्या बाहेर धुकं आणि आत वाफ, मधे फक्त पत्र्याची भिंत. मी तांब्यामागून तांब्या गुडघ्यांवर सोडत होते. आत्याबाई डोळे मिटून बसल्या होत्या. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या, "तुझ्याएवढी असताना दुखणं सुरू झालं. त्याच्या नंतर थोड्या वर्सांनी एका लग्नाला मुक्कामाला गेलते. सकाळी पाण्याची वाट बघत उभी होते न्हाणीच्या मागं. आत एक बाई दुसरीला म्हणाली, एवढा बंब हिलाच लागतोय, मग बाकीच्यांनी काय करायचं? घरी बसावं की माणसानं."

मी तांब्या भरत राहिले.

"खरंच होतं तिचं," आत्याबाई म्हणाल्या. "लग्नघर. माणसं किती. पण मग मी बसलेच घरी."

"मामंजींना ठाऊक आहे?"

"त्यांना कशाला? भांडायला गेले असते. तुला आवाज ठाऊक हाय न्हवं?"

इथं जरा थांबून पुढचं सांगून टाकते, कारण त्या गाडीचं पुढं काय झालं असं कुणीही विचारतं. त्या थंडीनंतर आणखी काही थंड्या ती गाडी फिरली. बदामी पाहिली, गोकर्ण पाहिलं, सुटी मिळाली तेव्हा आमचे हेही आले आणि त्यांनाही मी "आधी पाणी" पाठ करायला लावलं. पुढं मामंजींची नजर कमी झाली आणि त्यांनी एका दिवसात स्टिअरिंग सोडलं, कुणी सांगायच्या आत. गाडी एका नर्सरीवाल्यानं नेली, रोपं ठेवायला. आत्याबाई मामंजींच्या आधी गेल्या. बंब माझ्या गच्चीत आहे. त्यात पाणी तापत नाही आता, पण मी वर्षातून एकदा चिंच लावते. सून विचारते, कशाला एवढा त्रास? मी म्हणते, हाताला व्यायाम. माझीही बोटं आता सकाळी लवकर मिटत नाहीत.

पण त्या सकाळी आंबोलीत हे काही माहीत नव्हतं. धुकं वितळलं, मी बंब रिकामा केला, पट्ट्या आवळल्या, धुराड्याला टोपी घातली आणि आम्ही घाट उतरायला लागलो.

तो रस्ता तेव्हा फार वाईट होता. वळणावर वळण, आणि मधे मधे गिट्टी उखडलेली. मामंजी अगदी सावकाश उतरवत होते, तरी मागं न्हाणीत बंब पट्ट्यांमध्ये करकरत होता. मी दोनदा जाऊन त्याला हात लावून आले. सावंतवाडी मागं पडली, हवा ऊबदार झाली, कौलारू घरं, माडांच्या बागा. वेंगुर्ल्याच्या पुढं एका लहानशा गावात पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं. रस्त्याच्या कडेच्या माडाच्या वाडीत एक म्हातारी कंदील घेऊन उभी होती. वाडी तिचीच. गाडी उभी करू का विचारलं, तर म्हणाली, "करा मगे. माडाखाली नको, नारळ पडतलो." समुद्र दिसत नव्हता. सुरूच्या झाडांपलीकडे तो होता आणि सारखा मोठा श्वास घेतल्यासारखा आवाज येत होता.

मामंजी आत्याबाईंना म्हणाले, "चल, बघून येऊ."

"अशी धुळीनं भरलेली?" आत्याबाई म्हणाल्या. "उद्या आंघोळ करून, चांगलं लुगडं नेसून येते. इतकी वर्सं थांबलाय तो, एक रात थांबंल."

सकाळी मी नेहमीसारखा बंब भरायला घेतला. एक घागर ओतली, दुसरी ओतली. तिसरी ओतताना पायांना ओल लागली. खाली बघते तर राखेच्या ताटलीतून पाणी वाहत होतं. नळी आणि बुडाचा सांधा उकलला होता. बोटभर चीर. जेवढं वरून ओतावं तेवढं खालून जाऊन पत्र्यावरून वाडीतल्या वाळूत मुरत होतं.

मामंजींनी बंब खाली उतरवला. आडवा केला, मांडीवर घेतला, चिरेवरून बोट फिरवलं. साबण दाबून बघितला, कणीक लावून बघितली. पण जिथं चीर तिथंच जाळ, कणीक काय टिकणार? त्यांच्या पेटीत लाकडाची हत्यारं सगळी होती, डाग द्यायचं सामान नव्हतं. माझ्याकडे स्टोव्ह होता. मी एक पातेलं चढवलंही, पण आत्याबाईंच्या आंघोळीला तसली किती पातेली लागली असती; दुसरं तापेपर्यंत पहिलं निवतं. आत्याबाई गाडीच्या पायरीवर शाल पांघरून बसल्या होत्या. हात मांडीवर तसेच, बोटं ताठ. 

मामंजी उठले. धोतराला हात पुसले. आणि त्या दिवशी मी त्यांचा आवाज पहिल्यांदा लहान झालेला ऐकला. "सूनबाई, भांडी आवर. शब्द दिलाय. निघूया माघारी."

"मामंजी, समुद्र तर..."

"शब्द दिलाय."

मी रडायच्या बेताला आले. सुरूच्या पलीकडे तो आवाज चाललाच होता. मी भांडी गोळा करायला लागले.  आत्याबाईंच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. इतक्या लांब येऊन, इतक्या जवळ येऊन, पुन्हा घरी जाऊन बसायचं आणि या वेळी कायमचं, हे त्यांनाही कळत होतं.

ठोकाठोकीचा आवाज ऐकून ती म्हातारी आली होती. तिनं आडवा पडलेला बंब बघितला, मामंजींकडे बघितलं, आणि सरळ आत्याबाईंपुढं जाऊन उभी राहिली. "काय झाला गे बाय?"

आत्याबाईंऐवजी मीच सांगितलं. संधिवात, गरम पाणी, सांधा सुटला, आता परत चाललो.

"परत?" म्हातारी म्हणाली. "पाण्यासाठी? आमच्या न्हाणयेत ये मगे."

"नको," आत्याबाई लगेच म्हणाल्या. "मला लई पाणी लागतंय. तुमच्या घरात माणसं असतील."

म्हातारीनं आपले दोन्ही हात आत्याबाईंच्या डोळ्यांसमोर धरले. तिची बोटं आत्याबाईंच्या बोटांहून वाकडी होती. पेरं सुपारीसारखी फुगलेली. "माका पण आसा ह्या," ती म्हणाली. "म्हणान तर आमचा भांडा कधी थंड करूक देयत नाय. चुलीर आसता दिसभर. बाव पाण्यान भरलेली आसा, जळणाक वाडीत झापां पडलीत. किती व्हया तितक्या घे."

आत्याबाई त्या हातांकडे बघत राहिल्या. मग आपला एक हात शालीतून बाहेर काढून त्यांनी तिच्या हातावर ठेवला. ताठ बोटं वाकड्या बोटांवर. "सकाळी जास्ती हुतंय का तुमाला बी?" त्यांनी विचारलं.

"फाटफटी तर विचारू नको," म्हातारी म्हणाली.

त्यांची न्हाणी घराबाहेर, माडाच्या झापांचा आडोसा केलेली. बाहेरच्या बाजूनं चूल, आणि चुलीवर कायमचं बसवलेलं काळंकुट्ट भांडं. त्यातलं पाणी धुराच्या वासाचं. मी पाणी घालायला पुढं झाले तर म्हातारीनं तांब्या माझ्या हातातून काढून घेतला. "तू जा गे, तुका काय कळता खय दुखता ता?" मी झापांच्या बाहेर उभी राहिले. आतून दोघींचं बोलणं ऐकू येत होतं. एक कोल्हापूरची, एक समुद्रकाठची. अर्धं एकीला कळत नव्हतं, अर्धं दुसरीला. तेल कुठलं लावतेस, पावसाळ्यात हात दुखतात की नाही, वेणी कोण घालतं. मी आयुष्यात आत्याबाईंना एवढं बोलताना ऐकलं नव्हतं, आणि तेही परक्या घरच्या न्हाणीत, त्यांच्या पाण्यानं.

त्या बाहेर आल्या तेव्हा निऱ्या स्वतः खोचलेल्या होत्या. हिरवं इरकल नेसल्या होत्या. मामंजी गाडीत किल्ली लावून बसले होते, मान खाली. आत्याबाई खिडकीखाली उभ्या राहिल्या. "उतरा खाली."

"शब्द..."

"अट माझी हुती न्हवं? मीच मोडली. उतरा."

आम्ही तिघं सुरूच्या झाडांतून गेलो. पायाखाली सुरूच्या काड्यांचा मऊ थर, मग वाळू, मग एकदम सगळं उघडं. आत्याबाई थांबल्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. मी त्यांच्याकडे बघत होते, मामंजी पण समुद्राकडे न बघता त्यांच्याकडेच बघत होते. मग त्या पुढं निघाल्या. मी धरायला गेले तर हात झटकला. एक लाट येऊन त्यांच्या घोट्यांवरून गेली. आत्याबाईंनी अंग आक्रसून घेतलं होतं, गार पाण्याचा झटका बसणार म्हणून. आणि एकदम वळल्या.

"अगं बया! कोमट हाय की!"

"काय?"

"पाणी! कोमट हाय! अवो, ह्ये कुणी तापवलं?"

"मी न्हाय बाई," मामंजी म्हणाले. "माझा तर बंब फुटलाय." आणि ते हसायला लागले, त्यांच्या मोठ्या आवाजात, आणि हसता हसता धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायला लागले. थंडीत समुद्राचं पाणी हवेपेक्षा ऊबदार असतं हे आम्हा घाटावरच्या माणसांना कुठून माहीत असणार! आत्याबाई गुडघ्यांपर्यंत आत गेल्या. इरकल भिजलं. लाट आली की गुडघ्यांवरून जायची, आणि त्या वाकून दोन्ही ओंजळींनी आणखी पाणी गुडघ्यांवर घ्यायच्या.

त्या गावात आम्ही ठरल्यापेक्षा जास्त राहिलो. रोज सकाळी आत्याबाई शाल गुंडाळून म्हातारीच्या न्हाणीकडे जायच्या आणि रोज त्यांच्या गप्पा लांबत जायच्या. निघताना म्हातारीनं कोकमं दिली, आम्ही काकवी दिली. सावंतवाडीत एका तांबटानं बंबाला डाग दिला, सगळे सांधे तपासले. मामंजींनी त्याच्याकडून डाग द्यायचं सामानच विकत घेतलं आणि पेटीत ठेवलं.

परतीच्या वाटेवर आंबोलीत पुन्हा मुक्काम. सकाळी उठून बघते तर धुक्यात मागंपुढं चार-पाच ट्रक उभे, आणि ड्रायव्हर लोक अंग आकसून बर्फासारख्या पाण्यानं तोंड धुवायच्या तयारीत. आत्याबाईंची आंघोळ झाली होती. केस पुसत त्या मागच्या दारात आल्या, त्या लोकांकडे बघितलं, आणि मला म्हणाल्या, "आणि दोन घागरी वत गं बंबात." मग मोठ्यानं, अगदी मामंजींच्या सुनेला शोभेल अशा आवाजात मी ओरडले असते, पण माझ्या आधी त्याच ओरडल्या, "ओ पावणं! गरम पाणी हाय! तांब्या घेऊन या!"

ड्रायव्हर बिचकले. बसच्या मागच्या टोकातून, धुक्यातून, हिरव्या इरकलातली एक बाई हाका मारतेय, टपावरून धूर निघतोय. मग एकजण आला. त्याच्या मागून दुसरा. मी ढलप्या घालत होते, मामंजी पाणी ओढत होते, आत्याबाई तोटीपाशी बसून एकेकाचा तांब्या भरत होत्या. एकानं दोनदा भरून मागितलं आणि ओशाळून म्हणाला, "मावशी, लई घेतलं का?"

"घे की रं," आत्याबाई म्हणाल्या. "वाहतंय त्ये पाणीच हाय."

कोल्हापुरात शिरलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. राजारामपुरीत आमच्या गल्लीत गाडी वळली तशी शेजारच्या बायका बाहेर आल्या. रांगोळी टाकणारी उठली, भाजी निवडणारी सूप घेऊन आली. इतक्या वर्षांत आत्याबाई मुक्कामाला गेल्याच नव्हत्या. त्यामुळं सगळ्यांची खात्री, काहीतरी मोठा नवस असणार. आत्याबाई पायरी उतरल्या. तोंड उन्हानं रापलं होतं, इरकलाच्या काठाला मिठाची पांढरी रेघ वाळली होती. एकीनं त्यांच्या पाया पडायला वाकत विचारलं, "काकू, कुठल्या देवाला जाऊन आलासा?"

आत्याबाईंनी तिला खांद्याला धरून वर उठवलं.

"देवाला न्हाय गं," त्या म्हणाल्या. "आंघोळीला गेलतो."